नकाशाबाहेरची गल्ली

परदेशातल्या त्या अवाढव्य शहरात पाठीवर बॅग टाकून एकट्याने उतरलेल्या धाकट्याने पहिल्याच दिवशी ताईला फोनवर सुनावलं, "इथला तो प्रसिद्ध मनोरा बघायला मेंढरांसारखं रांगेत उभं राहायला मी नाही आलो. मला खरं शहर बघायचंय."

तिसऱ्या दिवशी त्याने फोनमधला नकाशा बंद केला आणि पाय नेतील तिकडे मुद्दाम भरकटत तो एका अरुंद गल्लीत शिरला. दोरीवर वाळत घातलेली चादर, उंबऱ्यावर मटार सोलत बसलेली आजी, तिच्यामागे रंग उडालेलं निळं दार. त्याचा ऊर भरून आला. इथे आपल्याआधी कुणा परक्याचं पाऊल पडलं असेल तर शपथ.

एक फोटो काढू का, असं त्याने आजीला खुणेनेच विचारलं.

मटारावरची नजर न काढता आजी सराईत इंग्रजीत म्हणाली, "हरवलात ना? काढा की. हरवलेले सगळे याच दारापाशी काढतात. फक्त असं मधेच घुसू नका, बाबा. रांग पलीकडच्या वळणापासून आहे."