उघड्यावरचे दिवे

कणकेचे गोळे लावून मी स्टीलच्या दोन वाट्या गाडीच्या नाकाशी चिकटवल्या आणि मागे सरून पाहिलं. इंजिन जुन्या मारुतीचं, पण फायबरची बसकी, वेगवान बॉडी अंगणातल्या शेडमध्ये मीच घडवलेली. आता फक्त हेडलाइट राहिले होते. एकदा भोक पाडलं की माघार नाही, म्हणून आधी वाट्या लावून बघत होते.

"हे छान. अगदी खाली, झाकल्यासारखे," आत्या म्हणाली. ती माझ्यासाठी स्थळ घेऊन आली होती.

पण इतक्या खालून उजेड लांब जात नाही. खड्डा दिसणार तो चाक आत गेल्यावर. मी वाट्या काढून वर, बॉनेटवर उघड्यावर चिकटवल्या.

"अगं, बेडकासारखी दिसतेय गाडी!"

हा शब्द माझ्या ओळखीचा. माझे डोळे जन्मापासून मोठे, बाहेर आलेले. शाळेत मुलं बेडकी म्हणायची. आणि स्थळासाठी फोटो काढताना आत्या दर वेळी सांगायची, "नजर खाली ठेव गं, म्हणजे कळत नाहीत."

मी वाट्यांभोवती पेन्सिल फिरवली आणि ड्रिल उचललं.

संध्याकाळी वायरी जोडून दिवे लावले. आत्या नेमकी गाडीसमोर उभी राहून उद्याच्या फोटोसाठी साडी सुचवत होती. तिनं झटकन डोळ्यांवर पदर धरला.

"बंद कर ते! समोर बघवत नाही!"

"मग तू नजर खाली ठेव, आत्या," मी म्हणाले, आणि दिवे तसेच चालू ठेवले.