तिने सांगितलेला सिनेमा

नवऱ्याची दृष्टी गेल्यापासून पडद्यावर काय चाललंय, ते तीच त्याला सांगायची. कारखान्यात दिवसभर शिलाई मशीन चालवून जीव मेटाकुटीला यायचा, तरी घरी आल्यावर तोंडाचा पट्टा चालू ठेवावाच लागायचा. शेवटी लेकीनेच टीव्हीवर दृश्यांचं वर्णन करणारा आवाज सुरू करून दिला. "आई, आता तू निवांत पड."

ती खरंच सोफ्यावर आडवी झाली. दृष्टी गेल्यावर नवऱ्याने तिच्याच तोंडून ऐकलेला, त्याच्या आवडीचा सिनेमा लागला होता. शेवटच्या प्रसंगात कुणी बोलत नव्हतं, नुसतं संगीत होतं. तेवढ्यात तो आवाज म्हणाला, "म्हातारा बाकावरच मान टाकतो. बायको त्याचे डोळे मिटवते."

नवरा दचकला. "अगं, तो तर बायकोचा हात धरून घरी जातो ना? तूच सांगितलं होतंस!"

ती उठून बसली. "तुम्ही तेव्हा इतके खचला होतात..." ती कशीबशी पुटपुटली.



 

"बंद कर तो आवाज," तो म्हणाला. "आणि आधीच्या सिनेमांत कोण कोण गेलं, ते मला कधीच सांगू नकोस."