आ कर, ओवी

बारा वाजता लाइट जायची होती आणि त्याच्या आत कालिंदीला घरबसल्या कंपनीच्या कामाची चाचणी उरकायची होती. कंपनीनं पाठवलेली सॉफ्टवेअरची लायब्ररी कंपाइल होऊन आलेली, म्हणजे सीलबंद डबाच. आत काय आहे ते दिसायची सोय नाही. आपल्या छोट्याशा स्क्रिप्टमधून तिच्यातल्या फंक्शनला नावानं हाक मारायची आणि कॉम्प्युटरचा सीडीचा ट्रे उघडतो का, तेवढं बघायचं. पण तिचं अर्धं लक्ष लेकीकडे, ओवीकडे. दोन वर्षांची पोर कालपासून तोंड घट्ट मिटून बसली होती, आणि गोंदियाच्या डॉक्टरांनी वजन बघून आधीच दम भरला होता.

"उघड ना वं माय तोंड," वाटीतली खिचडी कालवत सासूबाई रडकुंडीला आल्या.

कालिंदीनं स्क्रिप्ट चालवली. ट्रे सुळकन बाहेर आला. त्याच्याकडे टक लावून बघत ओवीनंही भला मोठा 'आ' केला. सासूबाईंनी लगेच घास कोंबला. ट्रे आत गेला, ओवीचं तोंड मिटलं आणि ती चक्क चावायला लागली.

"थांबली काहून वं? आणखी लाव ते!" सासूबाई ओरडल्या.

संध्याकाळी चाचणीच्या नोंदी बघून नागपूरहून कंपनीच्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, चाचणी दहादा करायची होती. तुम्ही बावीसदा कशाला केली?"

कालिंदीच्या तोंडून खरं होतं तेच निघून गेलं, "सर, दहामध्ये अर्धीच वाटी संपली होती."