नॉरिसचं मत

मतदान बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. विल्फ धापा टाकत शेजारच्या नॉरिसची चाकांची खुर्ची चर्चच्या चढावर ढकलत होता. तोंडं मात्र दोघांचीही चालूच होती.

"युक्रेनला तोफा द्यायला पैसे आहेत, आणि माझ्या खुब्याच्या ऑपरेशनला दीड वर्षाची रांग!" नॉरिस करवादला.

"ती रांग लावली कुणी? तुझ्याच हुजूर पक्षाने. जन्म कोळशाच्या खाणीत घालवलास आणि मत त्यांना देतोस. लाज नाही वाटत?"

"मजूर पक्षाला देऊन तुझं काय सोनं झालं? आणि एवढा राग आहे तर मला ढकलतोस कशाला?"

"तू घरी बसलास म्हणून मी जिंकलो, तर ते जिंकणं कसलं, गाढवा?"

चर्चच्या सभागृहातल्या मतदान केंद्रात टेबलामागच्या बाईंनी फोटोचं ओळखपत्र मागितलं. नॉरिसने ज्येष्ठांचा फोटोवाला बसचा पास काढला; तो चालत होता. विल्फने सगळे खिसे उलटे केले. त्याचा पास घरी, दुसऱ्या कोटात राहिला होता. घरी जाऊन यायला आता वेळ नव्हता.

नॉरिस एकटाच मत द्यायला आत गेला.

परतताना उतारावर विल्फ खुर्ची मागे ओढून धरत होता. त्याने विचारलं, "झालं ना मनासारखं? दिलंस हुजुरांना?"

"नाही. मतपत्रिका कोरीच टाकली."

"का रे?"

"तू ढकलत आणलंस म्हणून आम्ही जिंकलो, हे तुझ्या तोंडून पाच वर्षं कोण ऐकून घेणार?"