टॉवेलचा कोनाडा

आईची आंघोळ म्हणजे सगळ्या घराची कवायत. ती आत गेली की हाका सुरू व्हायच्या. "अरे, टॉवेल राहिला!" मग "साबण कुठे गेला रे?" आणि वर "कुडकुडले रे बाबा, दार नीट लाव!" मुलाचा सकाळचा चहा रोज कपातच निवायचा.

शेवटी त्याने कंबर कसली आणि बाथरूमच नवं करून घेतलं. चारी भिंतींत आणि दारात ऊब धरणारा जाड थर भरला, वाफ जायला वर एक झरोका तेवढा ठेवला. शॉवरखाली बसायला कट्टा केला आणि कट्ट्यावरून हात पोचेल असे दोन कोनाडे काढले, एक साबणाला, एक कोरड्या टॉवेलला.

"आता तुला हाक मारायचं कामच उरलं नाही बघ," म्हणत आई हरखून आत गेली.

त्या सकाळी घर कसं शांत होतं. त्याने चहा गरम असतानाच संपवला, वर आणखी अर्धा कप ओतून घेतला. "जमलं बुवा आपल्याला," तो स्वतःशीच हसला.

डॉक्टरांनी आईच्या तोंडावर चादर ओढली, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकूंना रडू आवरेना.

"झरोक्यातून ऐकू येत होतं रे मला. कितीतरी वेळ तुलाच हाका मारत होत्या. मला वाटलं, रोजच्यासारखा टॉवेल मागतायत."