गव्हाणी घुबडांची जोडी

बसा जरा टेकून, आमच्या गेनबाची गोष्ट सांगतो. घुबडांचा अभ्यास करणाऱ्या निरजाताईंचा हा मदतनीस. शाळेच्या माळ्यावर गव्हाणी घुबडांची जोडी होती, तीन वर्षं ताई तिच्याविषयी लिहीत होत्या. मागच्या महिन्यात दोन्ही मेली. तपासणीत निघालं, विष खाल्लेले उंदीर त्यांच्या पोटात गेले होते.

गेनबा पेटला. ताईंना घेऊन दारोदार फिरला. "कुणी टाकलं रं औषध? सोन्यासारखी पाखरं मारली!"

म्हातारी सोनाक्का उंबऱ्यातनंच हसली. "दोन मांजरं हायती माझ्याकडं. मला कशाला औषध लागतंय? आधी तुझं घर बघ की!"

"माझ्या घरात कुठनं आलं उंदीर?" गेनबा म्हणाला, आणि तिथंच त्याला आठवलं. घरात नव्हते, पण शाळेमागच्या ताईंच्या खोलीत होते. त्यांच्या वह्या कुरतडत होते, म्हणून ताई आपल्या घरी गेल्या तेव्हा यानंच कपाटामागं गोळ्या टाकलेल्या. वह्या शाबूत राहाव्यात म्हणून.

ताई पुढच्या दारात जाऊन तेच विचारायला लागल्या. गेनबा मागंच थांबला.

आठ दिवस झाले, मला सांगितलं त्यानं, पण ताईंना सांगायचं धाडस होईना. ताई अजून गावाला विचारत फिरतायत. तुम्ही आता त्यांच्याकडंच निघालाय. तुम्ही काही सांगू नका त्यांना, पण जाताना गेनबाला तेवढं संगट घेऊन जावा.