सखाचा कुकारा

"खालच्या गावातली शाळा किती लांब आहे हो इथून?" केंद्रप्रमुखांनी विचारलं आणि संजीवनीबाईंनी फळा पुसायला घेतला. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

वाडीतली माणसं शाळेच्या ओट्यावर जमली होती. साहेब पहिल्यांदाच वर आलेले, तेही डोंगराच्या मागच्या बाजूने, कच्च्या रस्त्याने, गाडीतून. त्यामुळे वाडी आणि खालचं गाव यांच्यामध्ये काय आहे ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. पाहायची फारशी हौसही नव्हती. कमी पटाच्या शाळा बंद करून मुलं जवळच्या मोठ्या शाळेत घालायची, असं वरून आलं होतं. ती शाळा जवळ आहे असं वाडीने आपल्या तोंडाने म्हटलं, की त्यांचं काम झालं.

येताना गाडीत ते बाईंना म्हणाले होते, "तुमचंही भलंच आहे. महाडला घर, लहान मूल, आणि रोज हा डोंगर चढता. ही शाळा मिटली की तुम्हाला महाडच्या आसपासच घेऊ." बाई "बघा, तुम्ही ठरवाल तसं," म्हणाल्या होत्या. नको म्हणाल्या नव्हत्या.

वाडीला यातलं काही ठाऊक नव्हतं. साहेब शाळा बघायला आलेत, एवढंच. मग आपली वाडी कुठे आडबाजूला पडलीय, असं त्यांना वाटून कसं चालेल? ओट्यावरच्या माणसांतला सखा लगबगीने उठला.

"लांब? लांब कसली साहेब! थांबा, दावतो."

तो कड्याच्या टोकाशी गेला, तोंडाशी दोन्ही हात धरले आणि लांबलचक कुकारा घातला. वाडीचे निरोप असेच जातात. म्हैस चुकली, कुणी आजारी पडलं, पाहुणा यायचा असला, की आधी कुकारा. थोड्या वेळाने दरीपलीकडून एका बाईचा आवाज आला. काय झालं म्हणून ती विचारत होती.

"काय नाय गो! सायेब आलंत!" सखा ओरडला आणि हसत मागे वळला. "तिकडच्या शाळंच्या मागं लाकडां येचतेय ती."

साहेबांचा चेहरा खुलला. "म्हणजे अगदी समोरच आहे की!"

"समोरच तर!"

समोरच होती. आवाज दरीवरून सरळ जातो. पायांना मात्र आधी कडा उतरावा लागतो, मग तळातला वहाळ ओलांडायचा आणि पुन्हा पलीकडे चढायचं. वहाळाला पाणी चढलं की वाडीतलं कुणी पलीकडे जात नाही, कुकाऱ्यावर भागवतात. गेल्या श्रावणात बाई स्वतःच त्यापायी वाडीतल्या बायजाच्या घरी अडकून पडल्या होत्या. बायजाने त्यांना चुलीजवळची ऊबदार जागा दिली होती आणि स्वतः दाराशी झोपली होती.

हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते बाईंच्या ओठांवर होतंही. बायजाची नात गौतमी समोरच सतरंजीवर बसली होती. ती आत्ता कुठे जोडाक्षरं वाचायला लागली होती. शाळा खाली गेली तर बायजा तिला त्या वहाळातून धाडणार नाही, शेळ्यांमागे धाडेल, हे बाईंना पक्कं माहीत होतं.

"काय बाई, जवळच ना?" साहेबांनी विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. मग, कुणी विचारलं नसताना, "त्यांची घंटासुद्धा ऐकू येते इथे."

घंटा खरंच ऐकू यायची. खोटं बोलल्या असत्या तर इतकी लाज वाटली नसती, असं त्यांना वाटलं. त्यांनी गौतमीकडे पाहायचं टाळलं.

साहेबांनी सखाला शाबासकी दिली आणि ते गाडीत जाऊन बसले. वाडी खुशीत होती. बायजाने बाईंच्या लेकासाठी म्हशीच्या दुधाची बाटली भरून आणली; बाई नको नको म्हणत असताना तिने ती त्यांच्या पिशवीत कोंबली. सखा बाईंना गाडीपर्यंत सोडायला आला. दार लावता लावता वाकून, साहेबांना ऐकू जाणार नाही अशा बेताने त्याने विचारलं,

"बाई, बरा बोललो ना मी? सायबासमोर आमची जीभ वळत नाय. पन तुमी व्हतात ना बाजूला, म्हनून धीर केला. म्हटलं, आपलं काय चुकलंच, तर बाई बोलतील."